आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडतेय? खिशातलं वायरिंग गाइड उघडा आणि या क्रमाने दोष शोधा

घरातल्या वायरिंगची कामं करताना सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त केलेला बिघाड कोणता, असं विचारलं तर माझं उत्तर एकच आहे. मेन बोर्डातली आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की पुरवठा तोडणारा खटका, पडते, वर केली की राहते, आणि तासाभराने किंवा दोन दिवसांनी पुन्हा पडते. काही जण अजून तिला ईएलसीबी म्हणतात. माझ्या खिशात वायरिंगचं छोटं गाइड कायम असतं. दोष शोधायचा क्रम मी त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलाय, आणि तोच इथे देतोय.

आधी लक्षणं नीट बघा

बोर्डात नेमकं काय पडलंय? ज्याच्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण आहे ती आरसीसीबी. बाकीचे अरुंद खटके म्हणजे एमसीबी. दोघींची कामं वेगळी, त्यामुळे तपासही वेगळा. एमसीबी पडली तर जास्त लोड किंवा शॉर्टसर्किट. आरसीसीबी पडली तर करंट कुठेतरी वाट सोडून जमिनीत जातोय. काही बोर्डांत दोन्ही कामं करणारं एकच उपकरण असतं, त्याला आरसीबीओ म्हणतात. तिथे आधी लोड कमी करून बघावं लागतं.

आरसीसीबीची लक्षणं मला साधारण अशी दिसतात:

- एखादं ठरावीक उपकरण लावलं की लगेच पडते.
- पाऊस झाला, भिंत ओली झाली की पडते. कोरडं झालं की दोनचार दिवस शांत.
- काही ताळमेळच लागत नाही. रात्री कुणी काही लावलेलं नसतानाही पडते.
- एका खोलीत इस्त्री लावली आणि दुसऱ्याच खोलीतल्या दोषामुळे पडली. हे लक्षण सहसा कुणी ओळखत नाही, म्हणून पुढे त्यावर सविस्तर लिहिलंय.
- खटका वर राहतच नाही, हात काढला की खाली.

एमसीबीबद्दल इथेच दोन शब्द. वर केल्या केल्या पडली तर शॉर्ट समजा. वीसपंचवीस मिनिटांनी पडली तर लोड जास्त. 16 अँपिअरची एमसीबी 18 अँपिअर तासभर सहन करते. 23 अँपिअरच्या वर मात्र तासाभरात तिने पडायलाच हवं, मानकच तसं आहे. म्हणून ‘आत्तापर्यंत तर चालत होतं’ याला अर्थ नसतो. आणि ती पडते म्हणून जास्त अँपिअरची एमसीबी बसवू नका. एमसीबी भिंतीतल्या वायरची राखण करते. खटका मोठा केला तरी वायर तेवढीच जाड राहते आणि गरम होत जाते.

गाइड कुठल्या देशाचं आहे?

हा तपास फुकटचा आहे, आणि मी तो सगळ्यांत आधी करायला सांगतो. इंटरनेटवरून उतरवलेली किंवा कुणी भेट दिलेली खिशातली गाइडं बऱ्याचदा अमेरिकेतल्या नियमांवर आधारलेली असतात. तिथे काळी वायर म्हणजे फेज (करंट आणणारी, जिवंत) आणि पांढरी म्हणजे न्यूट्रल (करंट परत नेणारी). आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल, पिवळी किंवा निळी फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग. आंतरराष्ट्रीय पद्धतीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग. म्हणजे काळी वायर एका पुस्तकात जिवंत आणि दुसऱ्यात न्यूट्रल. निळी एका ठिकाणी फेज आणि दुसऱ्या ठिकाणी न्यूट्रल. चुकीचं पान उघडलं तर जिवावर बेतू शकतं.

मापांचंही तसंच. अमेरिकी गाइडमध्ये वायर गेजमध्ये असते, आकडा वाढला की वायर बारीक होते. 14 गेज म्हणजे 2.08 चौरस मिलिमीटर, 12 गेज म्हणजे 3.31. आपण 1.5, 2.5, 4 असं चौरस मिलिमीटरमध्ये बोलतो. तिथला घरगुती पुरवठा 120 व्होल्टचा. 2000 वॉटचा हीटर तिथे जवळपास 17 अँपिअर घेतो, 230 व्होल्टवर पावणेनऊ. शिवाय तिथलं माणसाला वाचवणारं उपकरण 5 मिलिअँपिअरच्या आसपास तुटतं, आपली घरगुती आरसीसीबी 30 ची असते. अमेरिकेतली वायरिंगच्या नियमांची संहिता दर 3 वर्षांनी सुधारली जाते, म्हणजे देशाबरोबर आवृत्तीचं सालही बघायला हवं. तुमच्या भागात लागू असलेल्या संहितेचं नाव मुखपृष्ठावर नसेल, तर त्या गाइडमधले रंग आणि आकडे वापरू नका.

बरोबर गाइड हातात असलं तरी तक्त्याखालची बारीक अक्षरं वाचा. 2.5 चौरस मिलिमीटरच्या पीव्हीसी तांब्याच्या वायरला 30 अंश तापमान धरून एक आकडा 27 अँपिअर दिसेल, एक 24, एक 19.5. तिन्ही खरे आहेत. पहिला भिंतीवर उघड्या बसवलेल्या केबलचा, दुसरा भिंतीवरच्या पाइपमधल्या वायरचा, तिसरा उष्णतारोधक भिंतीत गाडलेल्या पाइपचा. 40 अंश उन्हाळ्यात त्यालाही 0.87 ने गुणावं लागतं, म्हणजे 24 चे 21 राहतात. वायर बरोबर आहे की नाही हे ठरवताना सर्वांत मोठा आकडा उचलण्याची चूक मी बरीच पाहिलीय.

पहिला तपास: वही आणि ‘टी’ बटण

गाइडच्या मागच्या पानावर तारीख, वेळ, हवा आणि त्या क्षणी काय काय चालू होतं ते लिहा. चार-पाच नोंदींत बऱ्याचदा कारण दिसून येतं. वायरमनला बोलावलंत तरी त्याचा अर्धा वेळ वाचेल.

मग पुरवठा चालू असताना ‘टी’ दाबा. खटका लगेच पडायला हवा. या बटणाने आत एका रोधातून थोडा करंट मुद्दाम दुसऱ्या वाटेने सोडला जातो. आरसीसीबी सतत एकच हिशेब करत असते: फेजने जितका गेला तितका न्यूट्रलने परत आला का? फरक 30 मिलिअँपिअर झाला की तिने 300 मिलिसेकंदांच्या आत तुटायचं असतं. ‘टी’ दाबूनही पडली नाही तर ती आरसीसीबी बदलायची. घरी उघडायची नाही. आणि ‘टी’ दाबल्यावर पडली म्हणून अर्थिंग ठीक आहे असं समजू नका. त्या बटणाचा अर्थिंगशी काही संबंध नाही.

दुसरा तपास: प्लग उपटा, नुसतं बटण बंद करून भागत नाही

सगळ्या उपकरणांचे प्लग सॉकेटमधून काढा. फ्रिज, राउटर, चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड, सगळं. नुसती बटणं बंद करून लोक फसतात, कारण सॉकेटचं बटण बहुतेक वेळा फक्त फेज तोडतं. न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि उपकरणाच्या आत न्यूट्रल बॉडीला चिकटला असेल तर बटण बंद असूनही आरसीसीबी पडू शकते. थेट वायरिंगला जोडलेला गिझर किंवा एसी असेल तर त्याचा दोन्ही वायरी तोडणारा स्विच बंद करा.

आता आरसीसीबी वर करा. एक दिवस टिकली तर दोष उपकरणात आहे. एकेक प्लग परत लावत जा, मध्ये पुरेसा वेळ द्या.

आधी पाणी तापवणाऱ्या उपकरणांवर संशय घ्या. हीटिंग एलिमेंटच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती ओल ओढून घेते. महिनोन्‌महिने पडून असलेला गिझर किंवा ओव्हन पहिल्यांदा लावला की आरसीसीबी पडते, त्यामागे बहुधा हेच असतं. नंतर वॉशिंग मशीन, फ्रिजमधलं बर्फ वितळवणारं एलिमेंट, बाहेरचा पंप, आणि ज्याच्या केबलवर कधीतरी टेप गुंडाळलीय असं काहीही.

पण कधी कधी एकही उपकरण दोषी नसतं. संगणक आणि तत्सम इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या पुरवठ्यात गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात, आणि ते थोडा करंट अर्थिंगमध्ये सोडणारच. अर्थिंग असलेल्या अशा उपकरणाला 3.5 मिलिअँपिअरपर्यंत मुभा आहे. 30 ची आरसीसीबी 15 पर्यंत पडायची नाही आणि 30 ला पडायलाच हवी, मधल्या पट्ट्यात ती कधीही पडू शकते. प्रत्येकी 3 मिलिअँपिअर गळणारी पाच उपकरणं एका आरसीसीबीवर आली की तुम्ही त्या पट्ट्याच्या उंबऱ्यावर आहात. मग विजेचा थोडा झटका, पंप सुरू होताना आलेला धक्का, एवढंही पुरतं. नेहमीची गळती आकड्याच्या 30 टक्क्यांच्या, म्हणजे 9 मिलिअँपिअरच्या आत ठेवावी. त्यावर एकच इलाज मला पटतो, लोड दोन आरसीसीबींवर वाटून देणं. तो वायरमनकडून करून घ्या.

तिसरा तपास: एकेक एमसीबी

प्लग सगळे बाहेर आणि तरी आरसीसीबी पडते? मग दोष भिंतीतल्या वायरिंगमध्ये किंवा कायम जोडलेल्या दिव्या-पंख्यांत आहे. सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एमसीबी एकामागून एक वर करत जा. जिच्याबरोबर आरसीसीबी पडली ते सर्किट संशयित. ती एमसीबी खाली ठेवून बाकी घर चालवता येतं. त्या एमसीबीवर चिकटपट्टी लावून ‘वर करू नका’ असं लिहा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी चुकून करणार नाही.

आता ज्या गोष्टीने भलेभले गोंधळतात ती सांगतो. एका घरात आरसीसीबी फक्त इस्त्री लावली की पडायची. इस्त्री बदलली, सॉकेट बदललं, आरसीसीबीसुद्धा नवी बसवली. तरी तेच. मी गेलो तेव्हा इस्त्रीच्या सर्किटमध्ये काहीच सापडेना. शेवटी सर्किटं एकेक सोडवत गेलो तेव्हा दोष निघाला झोपायच्या खोलीतल्या सॉकेटच्या लोखंडी पेटीत. झाकणाचा एक स्क्रू जरा लांब होता. त्याने मागच्या काळ्या वायरचं इन्सुलेशन सोललं होतं, तिळाएवढं तांबं चमकत होतं, आणि स्क्रूच्या आट्यांत काळ्या प्लास्टिकचा बारीक कीस अडकला होता. न्यूट्रल स्क्रूला टेकत होता, स्क्रू पेटीला, पेटी अर्थिंगला.

मग ती इस्त्री लावल्यावरच का पडायची? न्यूट्रलवर फारसं व्होल्टेज नसतं, त्यामुळे तो अर्थिंगला टेकला तरी लोड कमी असताना करंट जवळजवळ जात नाही. मोठा लोड लावला की न्यूट्रलवरून मोठा करंट परत येऊ लागतो, आणि त्यातला थोडा या चोरवाटेने अर्थिंगमध्ये उतरतो. 10 अँपिअरच्या इस्त्रीत त्यातला फक्त 0.3 टक्के हिस्सा वाट सोडून गेला तरी 30 मिलिअँपिअर भरले. लोड घरात कुठेही लागलेला चालतो. आणि एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल बोर्डातल्या पट्टीला जोडलेलाच राहतो, त्यामुळे दोषी सर्किटची एमसीबी खाली असूनही आरसीसीबी पडते. वरचा एमसीबीचा तपास इथे हाती काही लागू देत नाही. तसं झालं तर ‘न्यूट्रल अर्थला टेकलाय’ हा पहिला संशय ठेवा.

त्याचाच भाऊबंद म्हणजे उसना न्यूट्रल. दोन आरसीसीबी असलेल्या बोर्डात फेज एकीकडून आणि न्यूट्रल दुसरीकडून घेतला गेला की दोघींचाही हिशेब चुकतो. नवीन दिवा, नवीन पंखा, इन्व्हर्टर बसवल्यापासून पडायला लागली असेल तर तिथेच बघायला सांगा.

चौथा तपास: डोळ्यांनी, मेन बंद करून

बाहेरचे दिवे, गच्चीवरचं सॉकेट, बाथरूममधला जंक्शन बॉक्स. पावसाळ्यात पडत असेल तर पाणी इथेच शिरतं. मेन बंद करा आणि बाहेरूनच बघा: काचेच्या आत वाफ, गंजलेले स्क्रू, हिरवट पडलेलं तांबं, झाकणाखालून ओघळ.

झाकण उघडायचं असेल तर माझी एक अट आहे. दोन टोकांचा टेस्टर हवा, आणि तो तीन वेळा वापरायचा: आधी चालू असलेल्या जागी लावून तो दाखवतोय याची खात्री, मग जिथे काम करायचंय तिथे फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ, आणि पुन्हा चालू जागी. निऑनचा स्क्रूड्रायव्हर टेस्टर यासाठी नको. तो शेजारच्या वायरच्या प्रभावानेही मिणमिणतो, आणि भर उजेडात पेटलेला असूनही दिसत नाही. हा तीन वेळचा तपास जमत नसेल तर झाकण उघडू नका. त्यात कमीपणा काही नाही.

इथे थांबा, वायरमनला बोलवा

यांपैकी एक जरी असेल तर पुढचा तपास घरी करायचा नाही:

- सगळे प्लग बाहेर, सगळ्या एमसीबी खाली, तरी आरसीसीबी पडते.
- ‘टी’ दाबून पडत नाही.
- जळका वास, तपकिरी डाग, हाताला गरम लागणारं बोर्ड, आतून चरचर आवाज.
- नळाला, फ्रिजला किंवा भिंतीला हात लावल्यावर मुंग्या आल्या. पुरवठा बंदच ठेवा, वायरमन येईपर्यंत वर करू नका.
- बोर्डात पाणी शिरलंय किंवा घरात पुराचं पाणी आलं होतं.
- वायर ॲल्युमिनियमची, रबराची किंवा कापडी वेष्टणाची आहे.
- घरात अर्थिंगच सापडत नाही.

मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूच्या, मीटरकडून येणाऱ्या वायरी जिवंतच असतात. तिथे घरमालकाने कधीच हात घालू नये, आणि वायरमननेही पुरवठा तोडून घेतल्याशिवाय नाही.

वायरमन काय करतो तेही माहीत असू द्या. तो इन्सुलेशन टेस्टरने, म्हणजे बोलीभाषेतल्या मेगरने, 500 व्होल्ट डीसी लावून वायर आणि अर्थमधला रोध मोजतो. साध्या सर्किटला किमान 1 मेगओहम हवा. चांगल्या वायरिंगमध्ये त्याहून कितीतरी जास्त मिळतो. मल्टिमीटरने हे दिसत नाही, कारण तो थोड्याशा व्होल्टेजवर मोजतो आणि ओलसर, अर्धवट सोललेलं इन्सुलेशन तेवढ्यावर निर्दोष भासतं. मोजण्याआधी इलेक्ट्रॉनिक उपकरणं सोडवायला हवीत, नाहीतर 500 व्होल्टने तीच खराब होतील. चालू घरातली गळती बघायला मिलिअँपिअर दाखवणारा क्लॅम्प मीटर लागतो. त्याच्या जबड्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र घ्यायचे, मग जो आकडा येतो ती गळती. हे आकडे मागून घ्या आणि गाइडमध्ये लिहा.

आणि कुणीही, कितीही अनुभवी असला तरी, पुढचं सुचवलं तर नाही म्हणा: आरसीसीबीला वळसा घालून थेट जोडणं, 30 मिलिअँपिअरच्या जागी 100 किंवा 300 ची बसवणं, उपकरणाची अर्थची पिन तोडणं. साधारण 10 मिलिअँपिअरला धरलेली वायर हातातून सुटेनाशी होते. 30 च्या वरचा करंट अंगातून वाहत राहिला तर हृदयाचं स्पंदन बिघडू शकतं. 300 ची आरसीसीबी आगीसाठी असते, माणसासाठी नाही. आणि 30 चीसुद्धा एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्ही धरलेल्या माणसाला ओळखू शकत नाही, कारण तिच्या हिशेबात गेलेला तितकाच परत येतो.

त्या इस्त्रीच्या घरात मी लांब स्क्रू काढून आखूड लावला, वायरचा तेवढा तुकडा बदलला आणि मेगर लावला. न्यूट्रल-अर्थ आधी जवळजवळ शून्य दाखवत होता, आता 200 मेगओहमच्या वर. तो आकडा आणि तारीख मी त्यांच्या गाइडच्या मागच्या पानावर लिहिली. त्याखाली त्यांनी दर महिन्याला ‘टी’ दाबल्याच्या तारखा लिहायला सुरुवात केली. गेल्या वेळी दुसऱ्याच कामासाठी गेलो तेव्हा पाहिलं, पान भरत आलं होतं, आणि ‘आपोआप पडली’ अशी एकही नोंद त्यात नव्हती.